दुसऱ्याचा शर्ट

४ जून
चि. चिमणीस मामाचे अ. आ.

तुझा सिनेमा पाहिला बाई. रक्त इतकं की आठवडाभर टोमॅटोला हात लावायचा नाही, आणि शिव्या तर गॅरेजात जन्म काढूनही मी ऐकल्या नव्हत्या! असल्या चिखलात काम करणाऱ्या मुलीनं आपला उंबरा चढू नये, असं तुझे वडील म्हणतात ते मध्यंतरापर्यंत पटत होतं.

शेवटी मात्र खुर्चीत ताठ झालो. गुंड ज्या ड्रायव्हरच्या जिवावर उठलेत, त्याचाच निळा शर्ट घालून तो खुनी नायक गल्लीत येतो. अंधारात शर्ट ओळखून गोळ्या सुटतात, आणि गडी हसत मरतो! अगं, दुसऱ्याची शिक्षा आपल्या अंगावर घेणं, हेच ना आपण चर्चमध्ये ऐकत आलो? क्रुसावरच्या चोराचंही तारण झालंच की. कपडेपट तुझा, म्हणून विचारतो: ही युक्ती कुणाची? लवकर कळव, राहवत नाही.

लोभाचा धागा उसवू नये.
मामा

९ जून
ती. मामांस सा. न. वि. वि.

हसू की रडू? युक्ती कसली, माझा घोळ तो! दोघांच्या हँगरची अदलाबदल झाली. नायक काळ्या शर्टात पळताना मरतो, एवढंच लिहिलं होतं. चूक कळली तेव्हा सेट मोडला होता. आणि तो हसला, कारण खोटं रक्त बगलेत शिरून गुदगुल्या झाल्या!

बाबांना शर्टाचं सांगू नका हं. त्यावर भाळून त्यांनी दार उघडलं आणि मागाहून खरं कळलं, तर ते कायमचं लागेल. दोन वर्षं आई मला नुसती फोनवरच भेटते आहे.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.
चिमणी

१४ जून
चि. चिमणीस अ. आ.

उशीर केलास. तुझं पत्र येण्याआधीच तुझ्या वडिलांना सिनेमाला पिटाळलं होतं. मग पत्रही वाचून दाखवलं. लपवाछपवीनं उघडलेलं दार वाऱ्यानंही लागतं. गुदगुल्यांपाशी ते खोकले. हसू दाबताना ते खोकतात, हे तुला सांगायला नको. सोबत त्यांची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही (अर्धीच वाचली).

मामा

चि. मुलीस आ.

शिव्या मुळीच आवडल्या नाहीत. शर्ट चुकून गेला म्हणतेस, असेल. पण तो त्याला खांद्यात तंग होता, श्वास घेताना बटणं ताणली जात होती, तरी तो त्यातच चालत राहिला. मी तेवढंच बघत बसलो. रविवारी ये. माझ्या कोटाची बाही उसवली आहे, तुझ्या आईला आताशा सुई ओवता येत नाही.

बाबा