मधली भिंत

ता. ३

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे ठाऊक असूनही लिहिते आहे, कारण माझं डोकं पार चक्रावलंय. पुरात तुमचं आणि माझं, शेजारशेजारची दोन्ही घरं गेली. मी चर्चच्या सभागृहात सतरंजीवर झोपते. चर्चची मंडळी आपली कामंधामं सोडून येतात आणि लोकांची घरं बांधून देतात. त्यांत एक दातांचा डॉक्टर आहे. ओळंबा सोडून असा एक डोळा मिटून बघतो, की मी आपसूक तोंड घट्ट मिटून घेते.

त्यांचा नियम असा, की गाळ उपसल्यावर जो पक्का पाया लागेल त्यावरच बांधायचं. आपल्याकडे मामंजींच्या वेळचा एकच मोठा पाया लागला. वेगळं होताना मागाहून घातलेल्या मधल्या भिंतीखाली काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी ती धरलीच नाही. मी तेव्हा तापाने पडलेली. उठून बघते तर काय, दोन घरांच्या जागी एकच घर, एकच दार, एकच ओटा! आता हे कुणाचं म्हणायचं? फादर म्हणतात, भिंत हवी तर नवा पाया खणू, पण दोघांनी मिळून सांगा. महिनाअखेर मंडळी पुढच्या गावी जाणार.

भिंत तुम्हालाच हवी होती, तेव्हा तुम्हीच सांगा. माझ्यात मात्र एकटीने राहायची हिंमत उरलेली नाही, हे स्पष्टच लिहिते.

लोभ तेवढा वाहून गेला नसावा, ही आशा.

तुमची वहिनी


ता. ११

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, तरी डोक्यात उजेड पडेना. भिंत मला हवी होती? मला? अहो, दादा मला म्हणाला होता, की तुझ्या वहिनीला तुझी अडगळ होते. मी गुमान ताट उचललं. भिंतीपलीकडे कसंबसं वर्ष काढलं आणि नोकरीचं निमित्त करून इतक्या लांब आलो. दादा गेला तेव्हाही कोपऱ्यावरूनच परतलो, म्हटलं तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल.

इथे दिवसभर छापखान्यात यंत्रांची धडधड आणि खोलीवर चिटपाखरू नाही. दादा असं का बोलला असेल? भिंतीचं काय सांगू, मला खरंच सुचत नाही.

राग धरू नका. धरलाच असेल, तर तोही सविस्तर लिहा.

तुमचा धाकटा दीर


ता. १८

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

अहो, मी असं कधी म्हटलं? हे तर मला म्हणाले होते, की धाकट्याला तुझ्या हातचं गोड लागत नाही, त्याला वेगळी चूल हवी. मी आठवडाभर डोळे पुसत स्वयंपाक केला. दोघांना दोन गोष्टी सांगून हा माणूस मोकळा झाला! आपण गप्पा मारत, खिदळत बसायचो, ते यांना खुपत होतं की काय? की तुम्ही स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून केलं? भांडायला समोर फोटो तरी हवा, तर तोही पुरात गेला. संताप येतो, रडू येतं, आणि काही म्हणजे काही कळत नाही.

फादरना सांगून टाकलं, भिंत नको. दोघांनी मिळून सांगायचं होतं, म्हणून तुमच्या वतीनेही मीच सांगितलं. काल डॉक्टर दाराला कडी बसवत होते. त्यांनी विचारलं, मागच्या खोलीत कोण राहणार. मी पटकन म्हणाले, माझा दीर.

खोटं बोलले का मी, तेवढं येऊन सांगा.

तुमची वहिनी