आईची सावरीची उशी आणि माझा दोन बोटं खाली राहिलेला कान

चोने, मंगळवार

तीर्थरूप एदुविहेसताई,

तुझ्या गुडघ्यांना धाकट्या भावाचा नमस्कार. (पायांपर्यंत वाकवत नाही, पोट आडवं येतं.) हिपिहापाला सगळे खुशाल असतील, कोंबड्यांसह. इकडे मी जिवंत आहे, आणि तेही माझ्या सैल तोंडामुळे.

पित्ताशयातले खडे काढायला काल मला टेबलावर चढवलं. भूल देणाऱ्या अल्सिवार डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, श्वासाची नळी घशातून नीट उतरायला कान आणि गळ्याखालची खळगी एका पातळीत हवी. माझा कान कसला येतोय. (आपल्या घराण्यात मान ही वस्तू आजोबांपासूनच नाही.) पाठीखाली चादरींच्या घड्या रचल्या, डोक्याखाली इस्पितळाची पापडासारखी उशी दिली, तरी कान चार बोटं खालीच. शेवटी माझ्या पिशवीतली घरची उशी घेतली, तेव्हा कुठे दोन बोटांवर आला. मग बाई म्हणाल्या, "सकाळी आवडीचा वास आला की नाक पुढे काढून हुंगता ना, तशी मान करा बघू." केली. डोळे आपोआप मिटले आणि मी बोलून गेलो, "कोरविचे. आज सकाळचे तर काय खमंग होते, बाई."

सगळ्यांचे हात थांबले. बाईंनी विचारलं, "किती खाल्लेत?" म्हटलं, "दोनच वडे. आत मासा अगदी थोडा होता, बाकी नुसतं तळलेलं कच्चं केळं." भुलेत ते उलटून फुप्फुसात गेले असते तर मेला असतात, इथून सुरुवात करून बाईंनी मला असं झापलं की भूल न देताच सुन्न झालो. उपाशी राहायला बजावलं होतं, कबूल. पण ताई, मला फार भीती वाटत होती, आणि भ्यालो की मला भूक लागते. आता ऑपरेशन गुरुवारी.

तुझा,
ओनोफ्रे

ता.क. कान अजून दोन बोटं खालीच आहे. बाई म्हणतात, अशीच आणखी एक सावरीच्या कापसाची उशी हवी. तशी फक्त तुझ्याकडे आहे, आईच्या जोडीतली.

आणखी ता.क. हो, जोडीतली दुसरी माझ्याकडेच आहे. अकरा वर्षं मोन्सेराते मातेची शपथ घेऊन नाही म्हणत आलो. आईला पोचवून आलो त्याच दिवशी उचलली. तिला अजून आईच्या स्वयंपाकघराचा वास येतो, नाहीतर काल कोरविचे तोंडातून कशाला निघाले असते.

शेवटचं ता.क. उशीबरोबर तूही ये. कागदावर 'सोबत कोण' तिथे तुझं नाव आधीच लिहून टाकलंय. भांडण शुद्धीवर आल्यावर करू. नाही आलो, तर दोन्ही उशा तुझ्याच.