सीटमागचा डबा

३ तारीख
आज सकाळी गाडी ताब्यात मिळताच मी ती आतून-बाहेरून धुतली, काच पुसली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं. पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी मिळाली, आणखी काय हवं? पॅकिंगच्या कारखान्यातल्या अकरा बायकांना सकाळी पोचवायचं, संध्याकाळी आणायचं. त्यांच्यातल्या थोरल्या मावशींनी चढता चढताच विचारलं, ड्रायव्हर नवा आणलाय, ब्रेकही नवे आणलेत का? सगळ्या खिदळल्या. मीही हसलो.

७ तारीख
इंजिनाकडे पेट्रोल ओढणारा पंप बिघडला. मालकाने नवा बसवण्याऐवजी माझ्या सीटमागे उंचावर पेट्रोलचा उघडा डबा बांधला आणि नळी सोडली. सध्या असंच चालवा म्हणाला. गाडी झकास पळते. वास तेवढा येतो.

११ तारीख
सीटचं कव्हर धुवायला काढलं. खालचं रेक्झिन जळून काळं पडलेलं. गॅरेजवाला मान खाली घालून म्हणाला, हा पंप आधीही बिघडला होता, तेव्हा आधीच्या ड्रायव्हरच्या मागेही असाच डबा होता. तो अजून इस्पितळात आहे. पेट्रोलपेक्षा त्याच्या वाफेला भ्या, म्हणाला. पेटते ती वाफ. हवेहून जड, दिसत नाही, पाण्यासारखी खाली उतरते, तळाशी साचते. मग एक ठिणगी पुरते.
मालकाला सांगितलं. तो म्हणाला, नाक खिडकीबाहेर ठेवा.

१४ तारीख
काचा बंद असल्या की पायांशी काहीतरी साचतंय असं वाटतं. डोकं गरगरतं. आज डॅशबोर्डखालच्या तारांत निळी ठिणगी उडाली. मागे अकरा जणी गप्पा मारत होत्या. काही झालं नाही. आज झालं नाही.

१५ तारीख
मालकाला बजावलं, पंप आणा, नाहीतर— तो म्हणाला, जमत नसेल तर घरी बसा, उद्या दुसरा ड्रायव्हर येईल.
येईल. याच सीटवर बसेल. त्या अकरा जणी याच गाडीत चढतील.
नाही.

१६ तारीख
गाडी सोडली नाही, मीच चालवली. ठिणगी. दोनदा. देवा, एक दिवस दे—

१७ तारीख
गाडी माळावर, चढावर थांबवली. सगळ्यांना उतरवून लांब वर नेलं. मावशी म्हणाल्या, खाडा पडेल हो! म्हटलं, पडू दे. मालकाला मीच फोन केला, येऊन डबा बघा म्हणून.
चढावर डबा कलंडलाय. पेट्रोल उतारावर गळतंय—
मालक खालून चढत येतोय. ओरडून सांगितलं, पुढे येऊ नका. त्याला तो माझा उद्धटपणा वाटला. हसतोय. ओठांत सिगारेट. वाफ त्याच्याकडेच उतरत असणार—
किल्ली माळावरच्या विहिरीत फेकली. दुसरी नाही. ही गाडी आता कुणी चालवणार नाही. मी खाली पळतो, त्याची सिगारेट—