न जुळणारी सही

कोथरूड, १७ नोव्हेंबर २०२४

चि. पूर्वास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की ‘बरं’ म्हणून तू तो आईकडे देतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. आई इथे पोळ्यांच्या कामाला येते, तिच्याच हाती पाठवते.

शाळेत मी नववी-दहावीच्या नापास मुलांची पाहणी करते आहे. तेवीस जणांना एकच प्रश्न विचारला, घरी अभ्यासाचं शेवटचं कोणी कधी विचारलं? अकरा जणांना आठवेना. सार्थक नावाचा मुलगा म्हणाला की बाबा क्लासची फी भरतात, विचारायचं काम क्लासवाल्यांचं. त्याच्या निकालावरची वडिलांची सही त्यानेच केलेली निघाली. मी आईवडिलांना बोलावून उभ्याउभ्याच सुनावलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जरा हळू. मला पटलं नाही.

बाबा पहाटे मार्केट यार्डात पोती उचलायला जातात, आई अंधार पडल्यावर घरी येते, तरी मी बी.एड. झालेच ना? तुझे सहामाहीचे गुण कळव.

राग आला तरी लोभ ठेव.
तुझी निकिताताई


गुलटेकडी, २१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या यादीत मला चोविसावी धर. गणितात अकरा, विज्ञानात चौदा.

सहीचं तू लिहिलंस म्हणून सांगते. तू शाळेत असताना बाबांच्या नावाने सही करायचीस, ‘ओव्हाळ’मधल्या ळला लांब शेपूट काढून. पुढे माझ्याही निकालावर तूच केलीस. तू कोथरूडला गेल्यापासून मी करते. शेपूट तुझ्याइतकं ऐटीत येत नाही, पण वर्गाच्या बाईंना चालत होतं.

या वेळी त्यांनी पालकांना बोलावलं. बाबा कामाचा खाडा करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंनी निकाल पुढे केला, बाबांनी सावकाश सही केली. बाईंनी फायलीतले पाचवीपासूनचे निकाल काढून ताडून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, ही सही जुळत नाही. मुलीच्या खऱ्या वडिलांना पाठवा.”

मागे वर्गातल्या दोघी हसल्या. बाबांनी ते सगळे कागद एकेक करून पाहिले आणि टेबलावर परत ठेवून निघाले.

सोमवारपर्यंत वडील आले नाहीत तर मला दहावीच्या पूर्वपरीक्षेला बसता येणार नाही. मला बसायचंही नाही. लक्ष्मी रस्त्यावर एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळतंय. तू पाहणी पूर्ण कर.

लोभ किती ठेवायचा ते तू ठरव.
पूर्वा


कोथरूड, २२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

त्या सह्या माझ्या आहेत. तुम्ही दमून झोपलेले असायचात. मी म्हणाले, झोपा, शाळेचं मी बघते. तेव्हा ती काळजीच होती. पुढे मात्र तुम्ही शाळेत येऊ नये असंच मला वाटायचं, कारण तुमच्या खांद्यावरचा पोत्याचा वळ शर्टाबाहेर दिसायचा. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी रजा घेऊन मी बाईंना सगळं सांगते. तुम्ही येऊ नका, पुन्हा ऐकून घ्यावं लागेल.

रागवावं, पण अंतर देऊ नये.
आपली निकिता


गुलटेकडी, २४ नोव्हेंबर

चि. निकिता,
अनेक आशीर्वाद.

माझं चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून वाच. सोमवारी येऊ नकोस. तू पुन्हा मला येऊ नका म्हणालीस, म्हणून मी कालच जाऊन आलो.

बाईंना म्हटलं, आधीच्या सह्या माझ्या नाहीत, पण मुलगी माझी आहे. आमच्या हमालांच्या टोळीच्या हजेरीचं पुस्तक मुकादमाकडून मागून नेलं होतं. त्यात माझी रोजची सही असते. बाईंनी चार पानं पाहिली, मग मला खुर्ची दिली. पूर्वाला परीक्षेला बसवतील. मी दर शनिवारी येऊन तिच्या वह्या बघायच्या, अशी अट घातली. मी म्हटलं, मला गणित कळत नाही. म्हणाल्या, नाही कळलं तरी बघा.

पूर्वाने दुकानाला अजून नाही म्हटलेलं नाही. पण रात्री गणिताची वही माझ्यापुढे टाकली. अर्धी कोरी आहे. मी सगळी पानं उलटली, कोरीसुद्धा. ती तोवर उभी होती.

तू झोपा म्हणालीस आणि मी झोपलो. तुझे गुण चांगले यायचे, मला वाटलं सगळं आपोआप होतं. तेव्हा सगळं स्वतःवर घेऊ नकोस. पूर्वाने तुझं पत्र दाखवलं. त्या सार्थकच्या आईवडिलांना परत बोलाव. या वेळी बसायला खुर्ची दे.

माया आहे, ती लिहिता येत नाही. खाली सही करतो. नीट बघून ठेव, हिला शेपूट नाही.

रामदास भिवा ओव्हाळ