ओळखीचा हेल

१२ ऑक्टोबर

प्रिय ढब्बू,

खुशाल असशील असं धरून चालते. मी ठीक आहे. बाबाही बरे आहेत.

तुझा पत्ता बाबांच्या डबिंग स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टकाकांनी दिला. त्यांचा पुतण्या तुमच्या चष्म्याच्या कारखान्यात लागलाय म्हणे, आणि तू तिथे भिंगं घासतोस. काका म्हणाले, "हात फार चांगला आहे त्याचा, साहेब त्याच्याशिवाय कुणाला बारीक काम देत नाहीत." मी ऐकून घेतलं आणि पत्ता लिहून घेतला. त्यालाही आता तीन आठवडे झाले. पत्राला सुरुवात करायची कशी तेच कळेना. नऊ वर्षांनी माणूस काय लिहितो? शेवटी ठरवलं, दुकानातलं लिहावं.

मी अजून तिथेच आहे. नाटकाचे आणि सोंगांचे कपडे भाड्याने द्यायचे, परत आले की धुवायचे, उसवलेलं शिवायचं. सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही, कारण हॅलोविन आलाय. पूर्वी आपल्या दुकानात हे नाव कुणाला माहीत नव्हतं, आता कॉलेजची पोरं, ऑफिसातली माणसं, सगळ्यांना भूत व्हायचंय. सांगाड्याचे सहा काळे झगे आहेत, सहाही गेले. चेटकिणीच्या टोप्यांना पुठ्ठा कमी पडला. रक्तपिपासू सरदाराचा लाल अस्तराचा अंगरखा एकच आहे आणि त्याच्यावर दोघांची भांडणं झाली. काल एक टक्कल पडलेला बँकवाला आला, म्हणाला, "मला फ्रीज व्हायचंय." म्हटलं, "भूतबित नको?" तर म्हणतो, "बाई, आमच्या घरात सगळे सगळ्यात जास्त फ्रीजला घाबरतात, वजन वाढतं ना." दोन दिवस बसून त्याला दार उघडणारा फ्रीज शिवून दिला. आत अंड्यांचा कप्पासुद्धा आहे.

सरदाराचा अंगरखा ज्याला मिळाला तो विचारत होता, हेल पण शिकवाल का? मी त्याला जरा करून दाखवलं. र घोळवायचा, शब्द चावायचा, वाक्याच्या शेवटी वर जायचं. तो खूश. पण मला काही जमलं नाही रे. हे काम तुझं.

दर रविवारी दुपारी टीव्हीवर जुने विनोदी सिनेमे लावतात. बाबांनी डबिंग केलेले दोन लागून गेले. हॉटेलातला नाकातून बोलणारा मॅनेजर, आणि तो कर्नल, प्रत्येक वाक्याला "म्हणून सांगतो" जोडणारा. पडद्यावर ओठ त्या परदेशी नटाचे, आवाज आपल्या बाबांचा. हल्लीचे नट बघ, राजा असो नाहीतर दूधवाला, सगळे एकाच डब्यातून बोलल्यासारखे. बाबा म्हणायचे, माणसाचा हेल सापडला की माणूस सापडला.

कर्नल लागला तेव्हा मला तू दिसलास. सात-आठ वर्षांचा, डोक्यावर गाळणी, गॅलरीत उभा राहून अख्खं भाषण ठोकतोयस. एकदाही न अडखळता! स्वतःच्या आवाजात पाणी मागायला तुला अर्धं मिनिट लागायचं, आणि कर्नल झालास की नळ सोडल्यासारखा. एक अख्खी सुट्टी आपण दोघं फक्त सिनेमातल्या आवाजात बोलत होतो. आई वैतागून म्हणाली होती, "माझी पोरं कुठे गेली, या कर्नलला आणि त्याच्या मावशीला मी जेवायला घालणार नाही."

तो वेटरचा सिनेमा अजून लागलेला नाही. लागला तर मी टीव्ही बंद करीन.

आणखीही लिहायचंय, पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी आहेत. जमलं तर दोन ओळी लिही. नाही लिहिल्यास तरी चालेल.

तुझी
ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र कारखान्याच्या पत्त्यावर आलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच मी यंत्र बंद केलं. फोरमन विचारत राहिला काय झालं, काय झालं. मला सांगता येईना, नेहमीचंच.

कागदावर मी अडखळत नाही, म्हणून भरभर लिहून टाकतो.

आमच्याकडेही हॅलोविनला सगळे सोंगं घेऊन कामावर येतात. मी चार वर्षं एकच सोंग घेतोय, ममीचं. तोंडावर पट्ट्या गुंडाळल्या की कुणी बोलायला लावत नाही. दिवस फार सुखात जातो. यंदा बायको म्हणते, पट्ट्या पुरे झाल्या.

हो, बायको. तुला माहीत नाही. लग्नाला पाच वर्षं झाली. ती रंगाच्या दुकानात काम करते, मोठ्याने हसते, आणि मी बोलत असताना घड्याळाकडे बघत नाही. आम्हाला अडीच वर्षांची मुलगी आहे. दिवसभर बडबड करते. पण गेल्या महिन्यात एका दुपारी ती मला हाक मारायला गेली आणि "बाबा"तल्या पहिल्या बा वरच अडकली. त्याच संध्याकाळी मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणतात या वयात पुष्कळांचं होतं, आपोआप जातं, नाही गेलं तर बघू. पण मला काय करावं कळत नाही. तिच्याकडे बघावं की बघू नये? शब्द पुरवावा की थांबावं?

हे विचारण्यासारखा एकच माणूस आहे. माझं पहिल्यांदा कधी अडकलं, त्यांना काय वाटलं, त्यांनी काय केलं. आई असती तर तिला विचारलं असतं. ताई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बाबांची आठवण राग न येता आली.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी दुकानात फोन केला होता. कर्नलच्या आवाजात, कारण माझ्या आवाजात नाव सांगेपर्यंत तू फोन ठेवला असतास. भुताचा पोशाख आहे का विचारलं. तू म्हणालीस, "उद्या दहाला या." तू ओळखलं नाहीस. तुझी चूक नाही, आठ वर्षं झाली होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस रजा टाकलीय. तिघंही येतो. बाबांना आत्ता सांगू नकोस. मी स्वतः बोलेन. त्या सिनेमाचंही बोलेन. मला वेळ लागेल, पण ते बरे आहेत म्हणतेस, तर त्यांच्याकडेही वेळ असेल.

ढब्बू


२९ ऑक्टोबर

माझ्या ढब्बू,

रजा रद्द करू नकोस, पण हे पत्र बायको जवळ असेल तेव्हाच वाच.

बाबा गेले. एकोणीस सप्टेंबरला, शुक्रवारी, दुपारी सव्वातीनला. न्यूमोनिया झाला होता, हॉस्पिटलात चार दिवस होते. मी जवळ होते. म्हणजे माझं मागचं पत्र तुला आलं तेव्हा त्यांना जाऊन महिना उलटला होता.

बाबाही बरे आहेत, असं मी लिहिलं. खरं तर ते गेल्याचंच लिहायला बसले होते. सात कागद फाडले. आठव्यावर हात सवयीने गेला, आणि लिहून झाल्यावर ते वाक्य इतकं बरं वाटलं की खोडवेना. तेवढ्या कागदापुरते ते होते. मग फ्रीजचं लिहिलं, कर्नलचं लिहिलं. वाटलं, एक साधं पत्र तुला जाऊ दे, वाईट बातमी पुढच्या पत्रात. त्या एका वाक्यावर तू रजा टाकशील, बायको-मुलीला घेऊन निघशील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझं पत्र दुकानात कपड्यांच्या रॅकमागे उभी राहून वाचलं आणि तिथेच खाली बसले. मालकीणबाईंनी पंखा लावला, पाणी दिलं. त्यांना वाटलं, चक्कर आली.

आता दुसरं सांगते. फोन मी ओळखला होता.

पहिल्या शब्दाला ओळखला. हातात सुई होती म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला, आणि समोर स्टुलावर बाबा बसलेले. काम सुटल्यापासून ते दुकानात यायचे, हुक लावून द्यायचे. तुझा आवाज आला आणि मला आनंद व्हायच्या आधी संताप आला. आठ वर्षं एकटीने घर ओढलं, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यांचा हट्टीपणा, त्यांचं गप्प बसणं, आणि हा फोन करतो तोही दुसऱ्याच्या आवाजात! म्हटलं, असंच हवंय का तुला? मग घे. गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलले. "उद्या दहाला या." आणि ठेवला.

बाबांनी विचारलं, "कोण होतं?"

"गिऱ्हाईक."

ते हुक लावत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. नऊलाच माझ्याबरोबर निघाले. दहा वाजता स्टूल दाराशी नेऊन बसले. जेवायला घरी चला म्हटलं तर, "तू जाऊन ये, तुझं गिऱ्हाईक यायचंय ना, मी थांबतो." सात वाजता मालकीणबाई शटर ओढायला लागल्या, तेव्हा उठले. म्हणाले, "लांबचं असेल. उद्या येईल."

त्यानंतरचे पाच दिवस ते तसेच बसले. सहाव्या दिवशी परत जुना शर्ट घातला.

त्यांनी ओळखलं होतं रे. त्यांना माहीत होतं की मीही ओळखलंय. पण त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. तुझा नंबर फोनमध्ये होता. मी रोज बघायचे. वाटायचं, उद्या करू. मग फोन बिघडला, नवीन घेतला, नंबर गेला. पाण्यात पडला वगैरे काही नाही, साधा जुना होऊन बंद पडला. ते एक वर्ष मी घालवलं. बाबांचंही आणि तुझंही.

आणि त्या सिनेमाचं. तू बाबांशी बोलणार होतास, पण त्यात मीही आहे, म्हणून लिहिते.

मूळ सिनेमात तो वेटर नुसता परदेशी हेल काढून बोलत होता. बाबांनी त्याला तोतरं केलं, आणि नुसतं तोतरं नाही, तुझ्यासारखं. म वर अडकणं, मांडीवर चापट मारून शब्द सोडवणं. त्या नटाची चापट योगायोगाने तिथे होती, बाबांनी बरोबर तिच्यावर शब्द टाकला. थिएटर हशाने कोसळलं. तू माझ्या उजव्या हाताला बसला होतास, आणि मी हसले.

तू ते बघितलंस, मला माहीत आहे. तू बाबांकडे बघत नव्हतास, माझ्याकडे बघत होतास. लगेच कळलं आणि तोंड दाबलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला कळलं, तरी मी आणखी थोडी हसले. मग तू उठून गेलास, आणि दोन महिन्यांनी घरातूनच गेलास. मधल्या त्या दोन महिन्यांत गल्लीतली पोरं तुझ्या मागे तो संवाद म्हणायची, तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचे. खिडकीतून ओरडायला हवं होतं.

बाबा स्टुडिओत जाऊन भांडले होते. आवाज बदला, फुकट परत करून देतो म्हणाले. मालक हसला, म्हणाला, चाललेला सिनेमा कोण बदलतो? त्यानंतर त्यांनी विनोदी काम घेतलंच नाही. हे तुला सांगा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. ते म्हणाले, "सांगून काय? त्याला वाटेल मी माफी विकत घेतोय." एकदाच बोलले होते, "घरात तो सगळ्यांचे आवाज काढायचा, मला वाटलं मीही त्याचा काढावा. खोटं आहे हे. हशा हवा होता मला."

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "त्याचा स्वतःचा आवाज आता कसा असेल गं?"

तू विचारलंस त्यातलं थोडं मला माहीत आहे. मी तेव्हा सात वर्षांची होते, तू तीनचा. भर रस्त्यात तू थांबलास आणि बाबांना काहीतरी सांगायला लागलास, तुला पहिल्यांदा अडकलेलं मी तेव्हा बघितलं. आई म्हणाली, "अहो, त्याच्या बुटात खडा गेलाय, काढा." बाबा म्हणाले, "थांब, तो सांगतोय." बस येत होती. ते तुझ्यासमोर उकिडवे बसले, तुझ्या डोळ्यांकडे बघत. बस निघून गेली. तू सांगितलंस, मग त्यांनी बूट काढला. आई चिडली, ते हसले नाहीत. त्या काळात ते असेच होते. नंतर का बदललं, ते मला सांगता येणार नाही, आणि आता ते कुणालाच विचारता येणार नाही.

मुलीसमोर तसा बस.

डिसेंबरात येशील का, हे मी विचारत नाही. बाबांची खोली आवरलेली नाही. तू आलास तर दोघं मिळून आवरू, नाही आलास तर मी तशीच ठेवीन. वहिनीला माझं नाव सांग, आणि मी काय काय केलं तेही सांग. मुलीला माझ्याकडून काही सांगू नकोस, मी तिची अजून कुणी नाही.

आशीर्वाद लिहायला धीर होत नाही. जे त्यांना सांगायचं होतं ते मला सांगायचं झालं तर सांग, पण त्यांची जागा मी घेऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे.

तुझी अपराधी
ताई