वरच्या कोठडीतला पाहुणा

मिलवॉकी, ४ ऑक्टोबर १८५८

चि. टॅबीस रूबेनदादाचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. बाळ आता दुपारी झोपू देतो की अजून गाव डोक्यावर घेतो, ते कळव. बातमी मात्र वाईट आहे. तुमच्या गावात पिंपं बनवणारा कॅलेब हा केंटकीतून पळालेला गुलाम आहे. त्याच्या मालकाने वॉरंट काढलं आणि केंद्र सरकारचा मार्शल म्हणून ते माझ्याच हाती आलं. गुरुवारी सकाळच्या बोटीने त्याला धरायला येतो आहे. जमल्यास ॲपल पाय करून ठेव. तुझ्या शेरीफ नवऱ्याला, सायलसला, नमस्कार.

तुझा दादा

पाइन हार्बर, ५ ऑक्टोबर

ती. रूबेनदादास टॅबीचा सा. न. वि. वि.

दादा, बाळाचा पाळणा कॅलेबनेच केला आहे. उन्हाळ्यात आलास तेव्हा त्यालाच झोके देत बसला होतास. त्या माणसाला बेड्या घालायला तुझा हात धजेल?

पळालेला गुलाम धरून मालकाला परत द्यायचा तुझा कायदा वॉशिंग्टनचा. आमच्या राज्याच्या कोर्टाने तो इथे चालायचा नाही म्हणून सांगितलं आहे. ह्यांना पत्र दाखवलं. म्हणाले, आमच्या राज्यातला माणूस उचलायला रूबेन आला, तर मेहुणा असला तरी त्याला आत टाकीन. कोठडी आमच्याच घरात आहे, माझ्या स्वयंपाकघराच्या वर. कैद्यांचं जेवण मीच रांधते. तुझं ताट तिथे न्यायची वेळ माझ्यावर आणू नकोस. येऊच नकोस.

लोभ होता तसाच राहावा, एवढंच मागते.

टॅबी

वरची कोठडी, शुक्रवार

चि. टॅबीस आशीर्वाद.

हे पत्र रिकाम्या ताटाखाली ठेवतो आहे. ॲपल पायमध्ये साखर नव्हती. पण ताट ठेवून माझ्याकडे न बघता खाली गेलीस, ते जास्त लागलं.

वेडाबाई, माणूस धरायला निघालेला मार्शल दिवस आणि बोट आधी कळवतो का? लहानपणापासून तुझ्या पोटात काही राहत नाही, त्याच भरवशावर लिहिलं. मी शपथ घेतली आहे, वॉरंट फाडता येत नव्हतं. म्हणून आलो, कॅलेबच्या दुकानात शिरलो. जमिनीवर ढलप्या होत्या, माणूस नव्हता. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात सायलसने येऊन मला धरलं. तुझ्या नवऱ्यानेही शपथ घेतली आहे, त्याच्यावर रागावू नकोस.

केंद्राचा न्यायाधीश मला सोडवेलच. मग मला अडवलं म्हणून सायलसवर वॉरंट निघेल आणि ते घेऊन मलाच यावं लागेल. मिलवॉकीच्या तुरुंगात त्याला रांधून घालायला माझी बहीण नाही, याची काळजी वाटते.

तुझ्यावर जीव आहे. तो कुठल्याच कोर्टाने रद्द केलेला नाही.

दादा

खालचं स्वयंपाकघर, शनिवार

ती. दादास सा. न.

चुलीपुढे बसून रडले. मला वाटत होतं, मी तुला फसवून कॅलेबला कॅनडाच्या जहाजावर बसवलं. निघताना तो म्हणाला, ‘‘ताई, कामाची हत्यारं नेतो. बाकीचं दुकान तुमच्या दादाला निवांत बघू दे.’’ तुझं पत्र ऐकूनच त्याने तुला माझ्याआधी ओळखलं.

हे संध्याकाळी सोंगट्या घेऊन वर येणार आहेत. हरव त्यांना. आजच्या पायमध्ये साखर दुप्पट आहे.

ह्यांची रजई आणि लोकरीचे मोजे बांधून दाराशी ठेवले आहेत. ह्यांना न्यायला येशील तेव्हाही दिवस आणि बोट आधी कळव. मी ह्यांना सांगणारच, पण हे पळायचे नाहीत. तुम्हा दोघांचं वाटेचं जेवण बांधायला मला तेवढा वेळ हवा.

तुझीच टॅबी