सॉरी न म्हणण्याची अट

ती. मामा यांस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवण्याच्या या प्रकाराला आमच्या व्यायामवर्गात वेगळं नाव आहे आणि लोक तो धापा टाकत करतात. तुम्हाला मात्र मनापासून.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होत्या की मी पाठवलेला व्यायामाचा व्हिडिओ तुम्ही रोज न चुकता बघता. नुसतं बघून गुडघा बरा झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. इकडे सगळे ठीक आहेत, एक माणूस सोडून. त्याच माणसाविषयी लिहायचं आहे.

मी ज्येष्ठांचा वर्ग काढला तेव्हा तुम्ही हात धुऊन मागे लागून मला तुमच्या कंपनीकडून धंद्याचा विमा काढायला लावलात. माझं म्हणणं होतं, इथे कुणी वजनं उचलत नाही की उड्या मारत नाही. सगळ्यात जोखमीचा प्रकार म्हणजे वाकून बुटांच्या नाड्या सोडणं. त्यावर तुम्ही म्हणालात, पडणारा माणूस विचारून पडत नाही. मी सही केली ती खरं तर तुम्हाला घरी जायला उशीर होऊ नये म्हणून.

पडल्या त्या हेडबाई. या निवृत्त मुख्याध्यापिका. वर्गात मी त्यांना शिकवतो अशी माझी समजूत आहे. त्यांची वेगळी आहे. मी पाठीला पोक काढून उभा राहिलो तर वर्ग थांबवून मला सरळ करतात. त्या दिवशी भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं होतं. गाणं फारच रडकं लागलं म्हणून ते बदलायला मी पाठ फिरवली. मागे धप्प आवाज झाला. वळून बघतो तर हेडबाई जमिनीवर, उजवं मनगट भलत्याच कोनात, आणि त्या अवस्थेतही बाकीच्यांना सांगत होत्या की गर्दी करू नका, जागेवर बसा.

दवाखान्यातूनच मी तुम्हाला फोन केला. तुमचं पहिलं वाक्य होतं, चूक कबूल करू नकोस. तशी पॉलिसीत अटच आहे म्हणालात. तू कबूल केलंस तर कंपनी हात वर करील. भेटायला जायला हरकत नाही, पण "घटना दुर्दैवी आहे" याच्या पुढे तोंड उघडायचं नाही. मामा, हे वाक्य मी रस्ताभर घोकलं. फळं घेताना फळवाल्यालासुद्धा म्हणून झालं. (त्याने भाव कमी केला नाही.)

हेडबाई खाटेवर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. दारापाशी त्यांचा मुलगा हाताची घडी घालून उभा. मी म्हणालो, घटना दुर्दैवी आहे. त्यांनी मान हलवली. मग मी खिडकीचं, पंख्याचं, खाटेच्या उंचीचं कौतुक केलं. बोलणं संपलं तेव्हा पुन्हा म्हणालो, घटना दुर्दैवी आहे. तिसऱ्यांदा म्हणायला लागलो तेव्हा त्यांनी डावा हात वर करून थांबवलं.

"हे वाक्य तुझं नाही. कुणी पाठ करून घेतलंय?"

तुमचं नाव मी घेतलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा. त्या पुढे म्हणाल्या, "जन्मभर फुटलेल्या काचांसमोर उभी केलेली मुलं पाहिली आहेत मी. काच कुणी फोडली ते मला नेहमी आधीच माहीत असायचं. मी फक्त वाट बघायचे."

आणि त्या खरोखरच वाट बघत राहिल्या. अटीबिटी ठीक आहेत मामा, पण ज्यांनी माझी पाठ सरळ केली त्यांच्यासमोर वाकड्यात बोलायचं कसं? मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं. मी गाणं बदलत होतो. चुकलं माझं."

मुलगा ताडकन पुढे आला. त्यालाही कुणीतरी पढवून पाठवलं होतं की याच्याकडून कबुली घे. ती इतक्या सहज मिळेल याची त्याने तयारी केली नव्हती. तो काही बोलणार, तोच हेडबाई म्हणाल्या, "मीही भिंत सोडली होती. वर्गात माझ्या शेजारी पोस्टमास्तर भिंत न धरता उभे होते, म्हणून. हा दहादा सांगत होता, हात काढू नका." मुलगा आईकडे असा बघत राहिला जणू तिला पहिल्यांदाच बघतोय. मग त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

त्यानंतर आमचे निम्मे लोक वर्गाला यायचे बंद झाले. घाबरले, त्यांचंही चूक नाही. रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून मी माझा धंदा म्हणजे नेमकं काय याचा विचार करत असे. लोक माझ्याकडे ताकदीसाठी येत नाहीत, मामा. तोल गेला तर कुणाचं तरी लक्ष असेल, या भरवशावर येतात. त्याचा विमा तुमच्या कंपनीकडे नसावा. मग एके सकाळी हेडबाई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून आल्या, पुढच्या खुर्चीवर बसल्या आणि बसल्या बसल्या पाय उचलू लागल्या. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर आले. आता भिंतीला जागा पुरत नाही. मी गाणी लावणं बंद केलं आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : दवाखान्याचा खर्च मोठा आहे आणि हेडबाईंचं म्हणणं, विमा काढलास तो शोभेला का? तेव्हा दावा तुम्हीच दाखल करा. मी अट मोडली आहे हे खरं, पण कंपनीला ते कसं सांगायचं, की सांगायचंच नाही, हे तुम्हाला जास्त कळतं.

आणखी एक ता. क. : कबुली लेखी पाठवणं शहाणपणाचं नाही हे आता लक्षात आलं. हे पत्र मामा म्हणून वाचा आणि तुमच्यातल्या एजंटच्या हाती पडायच्या आत फाडून टाका.

शेवटचं ता. क. : शुद्धलेखन तपासायला पत्र हेडबाईंकडे दिलं होतं. चुका फारशा निघाल्या नाहीत. फक्त "फाडून टाका" या शब्दांखाली त्यांनी लाल रेघ मारली आहे आणि समासात, डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात, लिहिलं आहे : का?